धरसोड कशाला म्हणायचे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

"माझे वय वीस असून वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची दोन वर्षे मी पूर्ण केली आहेत. हा अभ्यासक्रम माझ्यावर कोणी लादलेला नाही; शाळेत असल्यापासून मला हेच करायचे होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची फेररचना करण्याचा प्रकल्प आम्हाला होता. तेव्हा आराखडे काढायचे सोडून मी चार दिवस तिथल्या मधल्या मार्गिकेतल्या बाकावर वही घेऊन बसले आणि किती जण रस्ता विचारतात, कुठे घुटमळतात, कुठून परत फिरतात हे लिहून काढत राहिले. आराखडा अर्धवट राहिला, परीक्षकांनी तो कच्चा ठरवला, गुण कमी पडले. पण दोन वर्षांतले ते चार दिवस मला सर्वांत आनंदाचे वाटले. आता संख्याशास्त्राकडे जावे असे मनात आहे. बाबा म्हणतात, ही धरसोड आहे, हाती घेतलेले तडीस ने. मैत्रीण म्हणते, मनाचे ऐक आणि आजच सोड. माझी दोन वर्षे वाया जातील का? तिथेही मन रमले नाही तर? करिअर निवडताना लवचिक राहा, असे ज्याला त्याला सांगितले जाते, पण म्हणजे नेमके काय करायचे? आणि पुढे मुलाखतीत कोणी या बदलाबद्दल छेडले तर काय उत्तर द्यायचे?"

उत्तर:

तुमच्या वडिलांनी वापरलेल्या शब्दापासून सुरुवात करते, कारण पत्रातली निम्मी बोच त्या एका शब्दाची आहे. 'धरसोड' हा शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही. ज्याला तो ऐकवला जातो त्याला मान खाली घालावी लागते. तरीही तो सावकाश उच्चारून पाहिला, तर त्यात दोन क्रियापदे आहेत आणि दोष त्यांपैकी एकातही नाही, कारण काही धरल्यावाचून आणि काही सोडल्यावाचून कोणाचेही शिक्षण पुरे होत नाही. आपण नेमके काय धरले होते हे न तपासता जो हात सैल करतो त्याला धरसोड्या म्हणावे, हे मला मान्य आहे. मात्र तोच निकष लावायचा, तर काय धरले होते हे विसरून केवळ मूठ आवळून बसलेला माणूसही त्याच माळेतला मणी ठरतो. म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न असा आहे की, शाळेत असताना तुम्ही जे धरले ते इमारती होते, की इमारतींत वावरणारी माणसे? पत्रावरून मला दुसरे वाटते, पण माझ्या वाटण्यावर तुम्ही विसंबू नये.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला ते शोधत बसावे लागणार नाही. या महिन्यात अभ्यासक्रम सोडू नका, आणि पाचही वर्षे पूर्ण करीनच असे वचनही आज कोणाला देऊ नका. हे मधले उत्तर ऐकायला गुळमुळीत वाटते याची मला कल्पना आहे; ते तसे का नाही, हे पुढे येईल.

दोन वर्षे वाया जातील का, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि तुम्ही ती एकमेकांत मिसळली आहेत. गेलेला वेळ आणि भरलेले शुल्क परत येणार नाही, तुम्ही राहिलात तरी नाही आणि सोडलेत तरी नाही. म्हणून पुढच्या तीन वर्षांचा निर्णय घेताना त्याला मत देण्याचा अधिकार नसतो. हे समजायला सोपे आणि आचरायला फार अवघड आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर एक साधा प्रयोग केला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध केला. संपूर्ण हंगामाची तिकिटे घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण दराने आणि काहींना, कोणताही निकष न लावता, सवलतीत तिकिटे देण्यात आली. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते ते हंगामाच्या पूर्वार्धात सवलतवाल्यांपेक्षा अधिक प्रयोगांना आले. पैसे मोजलेत तर वसूल केलेच पाहिजेत, ही भावना त्यांना खुर्चीपर्यंत ओढून आणत होती. मला यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो: हंगामाच्या उत्तरार्धात हा फरक उरला नाही. खर्चाची टोचणी काही महिन्यांत बोथट होते. तुम्हाला आज जी दोन वर्षे छातीवर दगडासारखी वाटतात ती तशीच जड राहणार नाहीत, आणि ज्या निर्णयामागे केवळ ती टोचणी आहे तो निर्णय टोचणी गेल्यावर उघडा पडतो.

दुसरे उत्तर असे की, वेळ परत येत नसला तरी त्या वेळात हाताला लागलेली सवय तुमच्याबरोबर येते, आणि तिची किंमत दुसऱ्या प्रांतात गेल्यावरच कळते. योगायोग असा की, ज्या ओहायो विद्यापीठात तो तिकिटांचा प्रयोग झाला तिथेच वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७६ साली भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. ती हातात असताना ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. पदव्या मोजणाऱ्याला हा तोट्याचा व्यवहार दिसला असता, कारण त्या दोन वर्षांची वेगळी पदवीही त्यांनी घेतली नाही. पुढे पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडताना त्यांना जी साधने वापरावी लागली, म्हणजे आधी न्यूट्रॉनांचे विकिरण आणि नंतर क्ष-किरणांचे विवर्तन, ती भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेली होती. त्या कामासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले तेही रसायनशास्त्राचे! तुम्ही नोबेलच्या रांगेत उभ्या राहाव्यात म्हणून मी हे सांगत नाही. अशी उदाहरणे देताना जे वळले आणि कुठेच पोचले नाहीत त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. मला एवढेच दाखवायचे आहे की, विषय बदलणारा माणूस रिकाम्या हाताने निघत नाही. दोन वर्षांत तुम्ही मापाने पाहायला शिकलात, मजल्याचा नकाशा वाचायला शिकलात, दार कुठे उघडते आणि गर्दी कुठे तुंबते हे कागदावर ओळखायला शिकलात. संख्याशास्त्राच्या वर्गातल्या बहुतेकांना त्या मार्गिकेत नेऊन बसवले तर काय मोजायचे हेच सुचणार नाही. तुम्हाला ते कोणी न सांगता सुचले.

आता तुमच्या मैत्रिणीकडे वळते, कारण बाबांपेक्षा तिचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. मनाचे ऐक हे म्हणणे ठीक आहे, पण मन कोणत्या दिवशीचे? चार दिवसांच्या आनंदावर तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडणे ही शाळेत असताना केलेल्या निवडीची पुनरावृत्ती होईल. तेव्हा तुम्ही इमारतींची छायाचित्रे पाहून वास्तुकला निवडली असेल, आणि प्रत्यक्षात वाट्याला आल्या त्या जिन्याच्या पायऱ्यांच्या उंचीच्या तक्त्यांनी भरलेल्या रात्री. संख्याशास्त्राचेही तसेच आहे. मार्गिकेत बसून माणसे मोजणे हा त्याचा सर्वांत चविष्ट तुकडा झाला. पदवीच्या पहिल्या वर्षी तुमच्यासमोर येईल ते कलनशास्त्र (कॅल्क्युलस), आव्यूहांचे (मॅट्रिक्सचे) बीजगणित आणि संभाव्यतेची प्रमेये, ज्यांत एकही रुग्ण नसेल आणि एकही मार्गिका नसेल. ते आवडते का, हे तुम्हाला आज माहीत नाही, आणि ते सोडण्याआधी कळू शकते.

कसे कळेल ते सांगते. ती वही काढा. चार दिवसांच्या नोंदी संगणकावर तक्त्यात भरा, 'आर' सारखी मोफत संगणकप्रणाली उतरवून घ्या आणि एकच प्रश्न विचारा: रस्ता विचारणाऱ्यांचे प्रमाण दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते? माझा अंदाज आहे की, पहिल्या तासाभरातच तुम्ही अडाल. तुम्ही रस्ता विचारणारे मोजले आहेत, पण त्या तासात मार्गिकेतून एकूण किती जण गेले ते मोजलेले नाही, निदान पत्रात तरी तसा उल्लेख नाही. सकाळी दहाला चाळीस जणांनी विचारले आणि दुपारी तीनला दहा जणांनी, यावरून सकाळी लोक जास्त गोंधळतात असे म्हणता येत नाही. सकाळी कदाचित पाचपट माणसे ये-जा करत असतील आणि प्रत्यक्षात दुपारचाच माणूस जास्त भांबावलेला असेल. अपूर्णांकाला अंश आहे, छेद नाही. आणखी खोलात गेलात तर कळेल की, घुटमळणे म्हणजे किती सेकंद थांबणे हे तुम्ही पहिल्या दिवशी आणि चौथ्या दिवशी एकाच मापाने ठरवले नसणार. हा सगळा दोष ध्यानात येईल त्या क्षणी स्वतःकडे बारकाईने पाहा. चार दिवस फुकट गेले म्हणून वैताग आला आणि वही मिटावीशी वाटली, तर तुम्हाला आवडले होते ते माणसांत बसणे, आणि त्याला वाव देणारी कामे वेगळी आहेत. उलट, या वेळी छेदासह मोजायला पुन्हा कधी जाता येईल याचीच रुखरुख लागली, तर त्या चार दिवसांच्या आनंदाला बूड आहे असे समजायला हरकत नाही.

याच्या जोडीला संभाव्यतेचे एखादे प्राथमिक पाठ्यपुस्तक घेऊन दहा आठवडे, आठवड्याला सहा तास, त्यातली उदाहरणे कागदावर सोडवा. व्याख्याने नुसती पाहू नका. ती पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि कोरा कागद पुढे आला की काहीच आठवत नाही. दहा आठवड्यांच्या मानाने साठ तास फार नाहीत, पण चुकीच्या वर्गात काढलेल्या एका वर्षाच्या तुलनेत हा खर्च अगदी नगण्य आहे.

फ्रान्सिस क्रिक यांनी या बाबतीत स्वतःपुरती एक कसोटी वापरली होती. ते मूळचे भौतिकशास्त्राचे. युद्धापूर्वी ते पाण्याच्या चिकटपणावर संशोधन करत होते, युद्धात त्यांचे उपकरण बाँबने नष्ट झाले आणि पुढची वर्षे नौदलासाठी सुरुंगांची रचना करण्यात गेली. युद्ध संपल्यावर आता कशाकडे वळावे हा प्रश्न पडला असताना त्यांना आढळले की, आपण नौदलातल्या अधिकाऱ्यांशी गप्पा मारताना पेनिसिलीनसारख्या नव्या औषधांबद्दल मोठ्या उत्साहाने बोलतो, जरी त्यातले आपल्याला फारसे कळत नाही. माणूस ज्याच्याबद्दल निष्कारण बोलतो त्यातच त्याला खरा रस असतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि १९४७ साली, तिशी ओलांडल्यावर, ते जीवशास्त्राकडे वळले. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा शोध १९५३ सालचा आणि त्यांची पीएच.डी. त्यानंतरच्या वर्षीची! ही कसोटी स्वस्त आहे आणि ती चोरून लावता येते: पुढच्या महिनाभरात कोणी विषय काढला नसताना तुम्ही कशाबद्दल बोलता हे रोज रात्री एका ओळीत लिहून ठेवा. ठरवून बोललेले मात्र त्यात धरू नका.

लवचिक राहणे म्हणजे सगळी दारे उघडी ठेवणे, असा एक समज हल्ली फार पसरला आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नातही मला तो डोकावताना दिसतो. ज्यातून पुढे कुठेही जाता येईल असेच काहीतरी घ्यावे, म्हणून अनेक मुले स्वतःला न रुचणारा पण सर्वसमावेशक अभ्यासक्रम निवडतात आणि निवड पुढे ढकलल्याच्या समाधानात राहतात. या समाधानाची किंमत मोजावी लागते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात मला वारंवार आठवतो. छायाचित्रणाच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्वतःच्या दोन आवडत्या छायाचित्रांच्या प्रती अंधाऱ्या खोलीत काढायला सांगितल्या आणि त्यांतली एक देऊन टाकायची असे ठरले. काहींना निर्णय जागच्या जागी करावा लागला. काहींना काही दिवसांत मन बदलण्याची मुभा होती. ज्यांना मुभा होती त्यांना आपण ठेवलेले छायाचित्र नंतर कमी आवडले. ज्यांचा निर्णय पक्का झाला होता ते जे हाती आले त्यात रमले. शिवाय अशी मुभा असलेला वर्ग आणि नसलेला वर्ग यांतून निवडायला सांगितल्यावर बहुतेकांनी मुभेचाच वर्ग निवडला.

म्हणून, माझ्या मते, लवचिकतेला जागा हवी आणि तिला मुदतही हवी. निर्णयाच्या आधी ती भरपूर असावी आणि निर्णय झाल्यावर काही काळ ती मुद्दाम बाजूला ठेवावी, नाहीतर जिथे जाल तिथे तुम्ही दरवाजाकडे तोंड करून बसाल. तिथेही मन रमले नाही तर, ही तुमची भीती बरीचशी त्या दरवाजाची आहे. माझा अनुभव असा आहे की, नव्या विषयाच्या पहिल्या सत्रात जवळपास प्रत्येकाचे मन उडते. जुन्या विषयातली सफाई गेलेली असते आणि नव्यातली आलेली नसते. मी स्वतः रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून समुपदेशनाकडे वळले तेव्हा पहिले आठ महिने, आपण किती मूर्खपणा केला, याखेरीज माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते. त्या आठ महिन्यांत कोणी परतीचे दार दाखवले असते तर मी निमूटपणे परत गेले असते, आणि ते परतणे शहाणपणाचे ठरले नसते.

दारे सगळी सारखी नसतात, हेही निवडताना पाहावे लागते. वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करायचा तर बहुतेक देशांत मान्यताप्राप्त शिक्षण, ठरावीक काळ प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि नोंदणी या पायऱ्या ओलांडाव्या लागतात. वैद्यक आणि वकिली यांचेही तसेच. अशा व्यवसायांत बाजूने शिरता येत नाही, आणि मधूनच सोडून काही वर्षांनी परत यायचे म्हटले तर बऱ्याचदा मागच्या पायरीवरून सुरुवात करावी लागते. संख्याशास्त्राला असा पहारा सहसा नसतो. समाजशास्त्र, शेती, भूगोल, वैद्यक अशा कोणत्याही प्रांतातून माणसे तिथे येतात आणि पदव्युत्तर पातळीवरही प्रवेश मिळवतात. या बाजूने पाहिले तर बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे: वास्तुकला पूर्ण करून संख्याशास्त्राकडे जाणे शक्य असते, पण उलटा प्रवास बराच अवघड पडतो. मात्र गणिताची अडचण वेगळी आहे. ते जिन्यासारखे असते, मधली पायरी गाळून वर जाता येत नाही, आणि तीन वर्षे हात लावला नाही तर शिकलेलेही गंजते. तेव्हा तुम्ही वास्तुकलेत राहिलात तरी गणित चालू ठेवणे ही तुमच्या बाबतीत चैन नाही. दुसरे दार किलकिले ठेवण्याचा तेवढाच खात्रीचा उपाय आहे.

याखेरीज एक शक्यता तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही, आणि तिचे मला सर्वांत नवल वाटले. तुम्ही वास्तुकला आणि संख्याशास्त्र या दोन टेकड्या मानल्या आहेत आणि मधल्या खोऱ्यात वस्ती आहे हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेलावेअर विद्यापीठाच्या भूगोल विभागातले रॉजर उलरिच यांनी एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, पण पुराव्यावर आधारलेली रुग्णालय-रचना ही जी ज्ञानशाखा आज उभी आहे तिच्या पायाशी तो आहे. इमारत बांधून झाल्यावर ती वापरणाऱ्यांना किती सोयीची पडते हे मोजण्याचेही एक रीतसर शास्त्र आहे, आणि अनोळखी इमारतीत माणसे वाट कशी शोधतात यावर संशोधन करणारे लोक आहेत. तुम्ही ज्याला प्रकल्पातली कुचराई समजता ते त्यांचे रोजचे काम आहे. त्याहून मागे जायचे तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घ्यावे लागेल. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक संख्येने मेले, हे त्यांनी १८५८ साली वर्तुळाकार आकृत्यांनी दाखवून दिले आणि त्याच आकड्यांच्या जोरावर रुग्णालयाच्या खोल्यांना समोरासमोर खिडक्या आणि खेळती हवा असली पाहिजे असा आग्रह धरला. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य होत्या.

तेव्हा प्रत्यक्षात असे करा. तिसऱ्या वर्षाला नाव नोंदवा, पण त्या आधी विद्यापीठाच्या नियमावलीत तीन गोष्टी लेखी पाहून घ्या: अभ्यासक्रमातून किती काळाची रजा घेता येते, दोन किंवा तीन वर्षांनंतर बाहेर पडल्यास काही प्रमाणपत्र मिळते का, आणि पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक दुसऱ्या अभ्यासक्रमात ग्राह्य धरले जातात का. कोणाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. त्यापायी एक वर्ष गमावलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. येत्या सत्रात वही, पाठ्यपुस्तक आणि गप्पांची नोंद हे तिन्ही चालू ठेवा. प्रकल्पाचा विषय निवडायची मोकळीक असेल तिथे मोजणीला वाव देणारा विषय घ्या, आणि या वेळी आराखडाही वेळेवर द्या. गेल्या वेळी परीक्षकांनी कापलेले गुण मला अन्यायाचे वाटत नाहीत, कारण नोंदी कितीही उत्तम असल्या तरी त्यांतून काय बदलायचे हे तुम्ही कागदावर उतरवले नव्हते. सत्र संपण्याच्या दोन आठवडे आधीची एक तारीख आजच ठरवून लिहून ठेवा आणि त्या दिवशी निर्णय करा. तारखेबरोबर हेही लिहा की, काय आढळले तर सोडायचे आणि काय आढळले तर राहायचे. हे आज लिहिले नाही तर त्या दिवशी, ज्या बाजूला मन झुकले असेल त्या बाजूचाच पुरावा तुम्हाला दिसेल.

हाच कागद बाबांना दाखवा. आई-वडील बदलाला विरोध करतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना बदलापेक्षा तळ नसलेल्या बदलाची धास्ती वाटते: आज हे, उद्या ते, आणि खर्च आपल्या माथी. शिक्षणासाठी कर्ज काढलेले असेल तर ही धास्ती आणखी खरी आहे आणि तिच्याबद्दल उघड बोलणे तुमच्याकडून व्हायला हवे. त्यांच्यापुढे आपण किती बेचैन आहोत हे सांगत बसू नका. तारीख, अटी आणि नियमावलीतली उत्तरे ठेवा, आणि त्यांच्या मते कोणती अट राहून गेली आहे ते त्यांना त्याच कागदावर लिहायला सांगा. त्यांनी लिहिलेली अट रास्त असण्याची शक्यता बरीच आहे. बाबांच्या वयाच्या माणसाला समजुतीसाठी आणखी एक गोष्ट सांगता येईल. १८ ते ६८ वर्षे वयाच्या १९,००० हून अधिक लोकांची पाहणी करून जोर्डी क्वाडबाक, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ साली दाखवले की, गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो असे प्रत्येक वयाचे लोक मान्य करतात, आणि पुढच्या दहा वर्षांत मात्र आपण फारसे बदलणार नाही असेही प्रत्येक वयाचे लोक समजतात. विसाव्या वर्षी तुमची ही समजूत आहे आणि पन्नाशीत त्यांचीही असेल. आज घेतलेला निर्णय तिसाव्या वर्षीच्या तुमच्या वतीने कायमचा घेता येणार नाही, एवढे दोघांनीही कबूल केले तरी पुढचे बोलणे सोपे जाईल.

राहिला मुलाखतीचा प्रश्न. बदलाची सबब देऊ नका आणि आपली आवड उशिरा कळली अशी कबुलीही देऊ नका. रुग्णालयाच्या मार्गिकेत चार दिवस काय मोजले, त्यात काय चुकले, दुसऱ्यांदा मोजताना काय सुधारले आणि त्यातून आराखड्यात कोणता दरवाजा हलवला, हे क्रमाने दोन मिनिटांत सांगा. मी काही निवड समित्यांवर बसलेली आहे; उमेदवाराने किती वेळा विषय बदलला हे समितीला फार काळ आठवत नाही, आणि ज्याला आपल्या कामातली चूक नेमकी कुठे होती हे सांगता येते तो उमेदवार मात्र दुपारच्या चर्चेत पुन्हा निघतो. दुसरी मोजणी अजून व्हायची आहे, तेव्हा रुग्णालयाची परवानगी मागणारे पत्र याच आठवड्यात पाठवा. परवानग्यांना वेळ लागतो आणि तुमची तारीख थांबणार नाही.